थर्टी-एट की थर्टी-टू

अमेरिकेतल्या प्लेनो शहराच्या शूटिंग रेंजवर सुमंतकाकांनी आसावरीसमोर दोन छोटी रिव्हॉल्व्हरं ठेवली. एक तिच्या बाबांचं, जाड गोळीचं थर्टी-एट. दुसरं रेंजवर भाड्यानं मिळालेलं, बारीक गोळीचं थर्टी-टू. हॉस्पिटलातून उशिरा एकटीनं परततेस, पर्समध्ये काहीतरी बाळग, असं बाबा सारखे सांगायचे. ते गेल्यावर तिनं लायसन्स काढलं.

"थर्टी-टू घे," काका म्हणाले. "एवढ्या हलक्या रिव्हॉल्व्हरमधून थर्टी-एट म्हणजे म्हशीची लाथ. शिवाय थर्टी-टूमध्ये गोळीही एक जास्त बसते."

"बाबा तर थर्टी-एटच वापरायचे."

"तुझा बाप हट्टी, बाई! इथून घरी आला की चहाचा कप डाव्या हातानं धरायचा."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिला हसू आलं.

थर्टी-टूच्या सगळ्या गोळ्या नेमक्या लागल्या, हात जेमतेम हलला. मग तिनं बाबांचं रिव्हॉल्व्हर उचललं.

पहिल्याच गोळीचा धक्का मनगटातून थेट खांद्यात गेला आणि तिचा तोल ढळला. बाबा शिकवायचे तेव्हा तिच्या मागेच उभे राहायचे. अशी ढळली की पाठीला त्यांचा तळवा लागायचा. आज ती पाऊलभर मागे गेली, तरी पाठीला काही लागलं नाही.

"सांगत होतो ना? पर्समध्ये थर्टी-टूच ठेव."

"ठेवते, काका. पण यात अजून चार गोळ्या आहेत."

तिनं पुन्हा नेम धरला आणि या वेळी ती आधीच किंचित मागे, बाबांचा तळवा असायचा तिथवर रेलून उभी राहिली.