चाकावरची सीट

मी एक जुनी सीट आहे. एका मिनीबसमधली, आणि त्यातही सगळ्यांत मागची, उजव्या चाकाच्या वरची. मित्रांनो, आता मला ना बस आहे ना चाक. बास्केटबॉलच्या कोर्टाशेजारी पंपाची खोली आहे, तिच्या भिंतीला टेकवून मला ठेवलं आहे. माझी गोष्ट मला कुणी विचारलेली नाही, तरी सांगते. इतकी वर्षं गप्प बसल्यावर बोलायची फार उबळ येते.

बसची बॉडी बांधतात त्या कारखान्यात माझा जन्म झाला. सगळ्या सीटा जोडीजोडीने बसवून झाल्या आणि मागे चाकाच्या उंचवट्यावर थोडी जागा उरली. तेव्हा मिस्त्री म्हणाला, "इथे एक सुटी टाकून दे. बसेल कुणीतरी." माझ्या जन्माचं कारण एवढंच! बाकीच्या सीटांना शेजारीण होती. मला एका बाजूला न उघडणारी खिडकी आणि दुसऱ्या बाजूला स्टेपनी. रस्त्यातला प्रत्येक खड्डा सगळ्यांत आधी मला कळायचा, आणि तो कळल्याचं सांगायला कुणी नसायचं.

आमची बस मुलींच्या एका बास्केटबॉल संघाने घेतली. स्पर्धा कधी या गावात, कधी त्या शहरात, त्यामुळे सुट्टीचा दिवस आला की आम्ही रस्त्यावर. पुढे मुलींचा नुसता गोंगाट चालायचा. माझ्यावर चेंडूंची जाळीची पिशवी ठेवायचे. चेंडू गप्प असतात, पण गोल असतात. वळणावर ते लवंडायचे आणि मला गुदगुल्या व्हायच्या. ते माझे चांगले दिवस.

संघाचे सर तेव्हा तरुण होते. खणखणीत आवाज, आणि मुलींच्या आधी कोर्टावर हजर. संघात सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चपळ एक मुलगी होती. तिला सगळे खारूताई म्हणायचे. ती डाव्या हाताने चेंडू टप्पे देत न्यायला घाबरायची. सरांनी तिला बसचं दार, पाण्याची बाटली, डब्याचं झाकण, सगळं डाव्या हाताने उघडायला लावलं. मुली तिला चिडवून बेजार करायच्या, पण ती ऐकते कसली! काही महिन्यांत तिचा डावा हात उजव्याला भारी पडू लागला. सरांचं म्हणणं म्हणजे तिच्यासाठी शेवटचा शब्द होता.

मग एका मोठ्या स्पर्धेत आमचा संघ हरता हरता नव्हे, जिंकता जिंकता हरला. अगदी शेवटच्या क्षणी एका मुलीचा पास समोरच्या संघाच्या हातात गेला. सर ओरडले नाहीत. बसमध्ये चढल्यावर त्यांनी चेंडूंची पिशवी माझ्यावरून उचलून खाली ठेवली आणि त्या मुलीला म्हणाले, "तू इथे बस. काय चुकलं त्याचा विचार कर. बस थांबेपर्यंत हिच्याशी कुणी बोलायचं नाही."

रागाच्या भरात बोललेलं ते वाक्य कदाचित तिथेच विरून गेलं असतं. पण पुढची स्पर्धा आम्ही जिंकलो. मग काय विचारता! आईवडिलांनी सरांना डोक्यावर घेतलं. एक बाबा तर बसमध्ये चढून माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "सर, ही सीट म्हणजे तुमचा सहावा खेळाडू बरं का!" आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं.

त्यानंतर तो रिवाजच पडला. सामना संपला की सर दाराशी उभे राहून एक नाव घ्यायचे. जिंकलो असलो तरी घ्यायचे. ती मुलगी मान खाली घालून मागे यायची. एक जण बोटं मोडत बसायची, एक जण डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायची. बऱ्याच जणी माझं रेक्झिन नखाने उकरत राहायच्या. आज मी दोन जागी फाटलेली दिसते ना, ती जुनेपणाने फाटलेली नाही. मला सोबत हवी होती, मित्रांनो, रोज हवी होती. पण अशी नको होती.

एकदा दोन दिवसांच्या स्पर्धेला गेलो होतो. पहिल्या दिवशी उपांत्य सामना जिंकून मुली बसमध्ये चढल्या. सगळ्या खुशीत होत्या. सर दाराशी म्हणाले, "खारूताई, मागे. शेवटचे दोन पास कुठे बघून दिलेस?"

ती सीटा धरत धरत मागे आली. सगळ्यांना वाटलं, रुसली आहे. पण माझ्यावर बसताच तिने बूट सैल केला, मोजा खाली सारला, आणि मी पाहिलं तर घोट्याचं हाड सुजेने दिसेनासं झालं होतं. मला नंतर कळलं, उडी मारून खाली येताना ती दुसरीच्या पायावर पडली होती आणि पाय मुरगळला होता. शिट्टी वाजायच्या आत ती उठून उभी राहिल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते पास चुकले ते त्यानंतर. तिने मोजा वर ओढला आणि नाडी आधीपेक्षा घट्ट आवळली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते खिडकीकडे तोंड करून पुसलं.

वाटेत सिग्नलला बस थांबली तेव्हा संघाची कप्तान पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्ताने मागे आली. उंचच उंच मुलगी, तिला शिडी म्हणत. ती वाकून कुजबुजली, "काय झालं गं?"

"काही नाही."

शिडीने पुढच्या आरशात पाहिलं. आरशात सरांचे डोळे होते. तिने बाटली उचलली आणि ती गेली. ती वळल्यावर खारूताईने काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. ते फक्त मला दिसलं. पुढच्या खड्ड्यात मी जीव खाऊन करकरले, पण जुनी सीट करकरली तर लोक तेल घालतात, ऐकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता. मी बाहेर बसमध्ये. हॉलच्या आतून आरडाओरडा, टाळ्या, बुटांची चुरचुर ऐकू येत होती. मग एकाएकी सगळं शांत झालं. थोड्या वेळाने आमचे ड्रायव्हरकाका धावत आले आणि त्यांनी बस थेट दाराशी लावली. तिथून आम्ही दवाखान्यात गेलो.

खारूताई परत आली ती गुडघ्यापर्यंत प्लास्टर घेऊन. तिला पुढच्या सीटवर बसवलं, पाय समोरच्या सीटवर ठेवला. घोट्यातले स्नायुबंध तुटले होते. आदल्या दिवशीच विश्रांती दिली असती तर थोडक्यात भागलं असतं, आता पुन्हा खेळता येईल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सर दाराच्या पायरीवर उभे होते. त्यांचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"काल एवढं दुखत होतं, तर सांगितलं का नाहीस गं?"

खारूताईने त्यांच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "मागच्या सीटवर बोलायचं नसतं ना, सर."

तो टोमणा नव्हता. सरांना नियम आठवत नसेल असं वाटून तिने त्याची आठवण करून दिली होती.

सर बसच्या टोकापर्यंत चालत आले. चेंडूंची पिशवी उचलून त्यांनी खाली ठेवली आणि माझ्यावर बसले. त्यांचे गुडघे स्टेपनीला टेकत होते. घरी पोचेपर्यंत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. ते नियमामुळे की रागामुळे, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनीच पाना आणून माझे बोल्ट काढले आणि मला उचलून इथे आणून ठेवलं. भंगारात का दिलं नाही, ते त्यांना माहीत. बाहेरगावच्या स्पर्धांना आता दुसऱ्या मॅडम जातात. सर फक्त सकाळी कोर्ट उघडतात आणि संध्याकाळी बंद करतात. उन्हाने माझा फोम पिवळा पडून भुगा झाला आहे. कावळे येतात, घाण करून जातात. मुली माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. सगळ्या गेल्या की सर येतात, माझ्यावर बसतात आणि रिकाम्या कोर्टाकडे बघत राहतात. त्यांना काही सांगायचं असावं. मलाही असतं. दोघंही मुके.

खारूताई आता मोठी झाली आहे. चालताना कळत नाही, पण धावताना वळली की पाय दगा देतो, असं मुली बोलताना ऐकलं आहे. ती रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून सायकलवरून जाते. तिच्या सायकलचं मडगार्ड खडखडतं. तो आवाज आला की सर मान वर करतात, आणि आवाज लांब गेला की पुन्हा बुटांकडे बघतात.

परवा तो खडखडाट फाटकाशीच थांबला. फाटकाची कडी वाजली. तिने ती डाव्या हाताने उघडली होती.

ती कोर्ट ओलांडून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, काय झालं? रोज इथे एकटेच बसलेले असता."

"काही नाही गं," सर म्हणाले. "असाच बसलोय."

माझ्यावर बसलेल्या प्रत्येकीने हेच सांगितलं आहे. आता ही जाणार, असं मला वाटलं. पण खारूताई गेली नाही. तिने पंपाशेजारची बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि पुन्हा विचारलं.

"सर, काय झालं?"

माझ्यावरचा त्यांचा सगळा भार हलू लागला. सर रडत होते. "चुकलं गं माझं, बाळा," ते म्हणाले. "तुझा पाय मी बघायला हवा होता."

ती त्यावर काय म्हणाली ते मी सांगणार नाही, ते त्या दोघांचं आहे. कोर्टाचे दिवे बंद करायला त्या दिवशी उशीर झाला, एवढं सांगते.

मित्रांनो, मला नवं रेक्झिन नको, रंग नको. तुमच्या बसमध्ये, वर्गात, घरात कुठेतरी एखादी शेवटची सीट असेलच. तिच्यावर कुणी एकटं बसलेलं दिसलं तर सामना कुणामुळे गेला ते नंतर बघा. आधी जवळ जा आणि काय झालं ते विचारा. "काही नाही" असं उत्तर येईल. तेव्हा परत फिरू नका. बसा, आणि पुन्हा विचारा.