हात न लावण्याची नोकरी

हैबतरावांनी एकतीस वर्षं एसटी चालवली आणि एवढ्या वर्षांत रस्त्यावरची कोंबडीसुद्धा मारली नाही. अशा माणसाला पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने रिटायर झाल्यावर बोलावून नोकरी दिली, आणि तीही कसली? तर गाडीला हात न लावण्याची! पेणच्या रामवाडीपासून रोह्याजवळच्या वरसेपर्यंत प्रवाशांची छोटी गाडी आपली आपण चालणार, आणि हैबतरावांनी ड्रायव्हरच्या सीटवर नवरदेवासारखं नुसतं बसायचं.

नियमांचं पुस्तक मात्र भलतंच जाड. नियम चौथा म्हणे, ड्रायव्हरने सदैव स्टेअरिंग धरायच्या तयारीत असावे. नियम पाचवा म्हणे, गाडीने मागितल्याशिवाय स्टेअरिंग धरू नये. दोन्ही एकाच पानावर, दोन सवतींसारखे. तीनदा हात लावला की घरी. ब्रेकला पाय लावला तरी तो हातच धरला जाई. आता साहेबी डोकं म्हणतात ते हेच.

पण सहा महिने काढले की नोकरी पक्की होणार होती. पक्क्या माणसाला कंपनीचं उपचाराचं कार्ड मिळे, आणि त्या कार्डावर हैबतरावांच्या बायकोच्या, गिरजाबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होणार होतं. बिचारी दोन वर्षं घराची पायरी बसून उतरत होती. त्या गुडघ्यांसाठीच हैबतराव मांडीवर हात ठेवून गप बसत.

तरी दोनदा हात लागलाच. पहिल्यांदा एका म्हशीपायी. दुसऱ्यांदा साक्षात गणपतीपायी! पेणात एका कारखान्याबाहेर रंग वाळायला बेचाळीस मूर्ती मांडल्या होत्या. गाडी थबकली. समोरच्या पडद्यावर अक्षरं आली, ‘पादचारी, बेचाळीस.’ मग गाडीच्या स्पीकरमधली बाई शुद्ध पुणेरीत म्हणाली, “पादचाऱ्यांना रस्ता ओलांडू द्यावा.” गणपती काही ओलांडेनात. पंचवीस मिनिटं गेली, मागे डेपोपर्यंत हॉर्न वाजू लागले, शेवटी हैबतरावांनी स्टेअरिंग धरून गाडी पुढे काढली. रिपोर्टात शेरा आला, ‘पादचाऱ्यांचा अनादर.’

सहा महिने भरायला नऊ दिवस उरले होते. त्या सकाळी गाडीत एकच प्रवासी होती, वरशाची विमलबाई, पेणच्या बाजारातून सुकट घेऊन निघालेली. प्रवाशांसाठी सीटसमोर लाल बटण होतं आणि वर ठळक लिहिलं होतं, ‘नियंत्रण तुमच्या हाती.’ विमलबाईंनी विचारलं, “हे दाबलं की काय होतं हो?”

“काय होतं ते कंपनीलाच ठाव,” हैबतराव म्हणाले. “राहू द्या तसंच.”

नागोठणं मागे पडलं आणि गाडी रोह्याकडच्या खिंडीत शिरली. समोरून लोखंड लादलेला ट्रेलर येत होता. त्याला जागा द्यावी म्हणून गाडी शहाण्या मुलीसारखी डावीकडे सरकली. डावीकडे रस्त्याच्या कडेने एक मोळी चालली होती. पडद्यावर आलं, ‘झुडूप.’ झुडपाला काय, गाडी घासली तरी त्याची तक्रार थोडीच येते?

पण मोळीखाली दोन पाय होते. अनवाणी, काळे, भरभर चालणारे.

“अवो माणूस हाय! बाई हाय!” विमलबाई किंचाळल्या आणि त्यांनी लाल बटणावर मूठ आपटली. गाडीतली बाई गोड आवाजात म्हणाली, “आपला अभिप्राय मोलाचा आहे. कृपया एक ते पाच तारे द्यावेत.”

हैबतरावांच्या डोळ्यांपुढे गिरजाबाईंचे गुडघे आले, खोटं कशाला बोला. अर्ध्या क्षणापुरते आले. मग त्यांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. सुकटीची पिशवी पुढच्या काचेवर फुटली, आणि गाडी मोळीपासून वीतभर अलीकडे थांबली. मोळी पडली, तिच्याखालून जवळच्या आदिवासी वाडीवरची चिमा निघाली, आणि निघाली ती शिव्या देतच.

चौथ्या दिवशी पेणच्या ऑफिसात चौकशी झाली. साक्षीला म्हणून हैबतरावांनी चिमालाच आणलं होतं. चौकशीचे साहेब विशाल, वय बत्तीस, बोलायला अगदी साखर. त्यांनी रेकॉर्डिंग दाखवलं. मोळीभोवती हिरवी चौकट होती.

“इथे माणूस नव्हता, काका. झुडूप होतं. म्हणजे तुम्ही कारण नसताना ब्रेक लावलात.”

“मंग मी कोन हाय?” चिमा म्हणाली.

“तुम्ही आहात हो बाई. पण रेकॉर्डमध्ये नाही आहात.”

मग साहेबांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. “काका, मला तुमचं वाईट करायचं नाही. लिहून द्या की तुम्हाला चक्कर आली म्हणून पाय पडला. चूक गाडीची नाही, तुमची नाही, चकरेची. हा रिपोर्ट स्वच्छ गेला की गाडीला परवाना मिळतो, आणि तुम्हाला ऑफिसात पक्की जागा. कार्डसुद्धा. हा बघा, अर्ज भरूनच ठेवलाय.”

“आन् गाडी?”

“पुढच्या गाड्यांना स्टेअरिंगच नसेल. ब्रेकही नाही. माणसाने मध्ये हात घालण्याचा धोकाच संपला!”

साहेबांनी पुढे केलेला रिपोर्टाचा कागद हैबतरावांनी ओढून घेतला. चिमाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “कर सही दादा. आमचं काय, आमी उद्यापास्नं रस्ता सोडून रानातनं चालू. सवय हाय आमाला.”

हे ऐकलं आणि हैबतरावांचं टाळकंच सरकलं. “का गो? रस्ता काय यांच्या बापाचा? तुझं पुरतं नाव सांग.”

“चिमा बुधा वाघमारे.”

कारणाच्या रकान्यात त्यांनी ते नाव शाळेतल्या पोरासारखं सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं. पुढे लिहिलं, ‘ही बाई होती. झुडूप नव्हतं. गाडीला दिसली नाही, मला दिसली.’ खाली सही ठोकली आणि कार्डाचा भरलेला अर्ज आपल्या हाताने फाडून विशाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो फायलीला लावला, कारण नियमच तसा होता.

घरी गिरजाबाई भिंतीला टेकून वाल सोलत होत्या. हैबतरावांनी चपला काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मग बाईंच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! मेल्या नोकरीचा, कंपनीचा, हैबतरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. एकतीस वर्षं अक्कल स्टॅंडवरच ठेवलीत का, एक सही करायला हात झडत होता का! शेजारी कान देऊन ऐकत होते. हैबतराव खाली मान घालून उभे.

मध्येच त्या थांबल्या. “ती बाई... धड हाय ना?”

“हाय. कोपर खरचटलं, बस.”

“बरं झालं,” गिरजाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. “तुमी केलंत ते बरोबरच केलंत. पन आता गप उभे राव्हा, मला ओरडू द्या. दुखतात ते माझे गुडघे.”