दोनशेवी पुंगळी

नीलाने श्वास रोखून पाचवी गोळी झाडली. समोरच्या मातीच्या बांधावर धुळीचा लहानसा फुगा उडाला. तिने रायफलीचा खटका मागे ओढला तशी रिकामी पुंगळी टुणकन उडून तिच्या कोपरापाशी सतरंजीवर पडली. करंगळीच्या पेराएवढी, पितळेची, अजून कोमट.

"शाबाश, बिटिया! उठो, अगली आओ," म्हणत हवालदार रामसनेही पलीकडच्या मुलीकडे वळले.

उठता उठता मोजा वर ओढल्यासारखं करून नीलाने पुंगळी आत सरकवली. उद्या वर्गात बाकावर उभी करायची, बस्स. सध्या तिला सगळंच जमत होतं. गेल्या महिन्यात वादविवादाची ढाल, आणि आज पाचांतल्या तीन गोळ्या काळ्या वर्तुळात!

मागे चुन्याच्या रेघेपलीकडे बाबा तिच्याकडेच पाहत उभे होते. ईश्वर मेश्राम, रेल्वेच्या कचेरीत इंजिनांचे नकाशे काढणारे. फायरिंग रेंजच्या सहलीला शाळेने सोबत एक पालक मागितला, तेव्हा त्यांनी हौसेने रजा टाकली होती. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात सँडल, हातात डब्याची पिशवी. सकाळी सायकलवर त्यांच्या मागे बसून नीलाने बजावलं होतं,

"बाबा, तिथे हिंदी बोलू नका हं. तुमचं 'मेरे को' ऐकून मुली हसतात. शाहीन तर नक्कल करते, यार."

बाबांनी मागे न वळता पायडल जरा जोरात मारलं होतं.

"बरं बाई. नाही बोलत."

आणि खरंच, छावणीत आल्यापासून ते कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. मिसनी विचारपूस केली तेव्हाही नुसते हात जोडून हसले.

गोळीबार संपला. हवालदारांनी पुंगळ्या पत्र्याच्या डब्यात मोजून टाकल्या. मग डबा उपडा करून पुन्हा मोजल्या.

"एक सौ निन्यानवे खोखे," पुंगळ्यांकडे बोट करत ते म्हणाले. "चालीस लड़कियाँ, पाँच-पाँच गोलियाँ. दो सौ खोखे पूरे होंगे, तब लाल झंडा उतरेगा, तब बस जाएगी. फ़ौज का क़ायदा है."

सगळ्यांना रांगेत उभं केलं. एकेकीने उजवा हात वर करून म्हणायचं होतं, "मेरे पास कोई ज़िंदा कारतूस या ख़ाली खोखा नहीं है, श्रीमान."

नीलाच्या घोट्याला पुंगळी टोचत होती. सांगून टाकू, असं तिने ठरवलंही. पण पाळी आली, हात वर गेला आणि ते वाक्य वादविवादातल्या खणखणीत आवाजात तोंडातून बाहेर पडलं.

"वाह! ऐसे बोलते हैं," हवालदार म्हणाले. "सीखो सब इससे."

नीलाची नजर चुन्याच्या रेघेकडे गेली. बाबांनी चष्मा काढला होता आणि शर्टाच्या टोकाने ते काचा पुसत होते.

मग शोध सुरू झाला. चाळीस मुली गुडघ्यांवर बसून वाळलं गवत चाळू लागल्या. भुकेने सगळ्यांची तोंडं सुकली होती. हवालदारही ओणवे होऊन गवतात बोटं फिरवत पुटपुटत होते, "कल की गाड़ी है मेरी. घर में लड़की की सगाई. एक खोखे के पीछे छुट्टी रुक जाएगी."

पुंगळी हळूच खाली टाकावी, तर एका अंगाला शाहीन, दुसऱ्या अंगाला मिस. आणि हा तुकडा तर तीनदा चाळून झालेला.

तेवढ्यात तिच्या मागे कुणीतरी येऊन बसलं. इस्त्रीच्या पँटचे गुडघे धुळीत टेकले. बाबांनी मान वर केली नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. गवत चाचपत चाचपत त्यांनी तिच्या बुटाशेजारी हात उताणा ठेवला.

नीलाने घोटा खाजवल्यासारखं केलं. पुंगळी त्या तळव्यात गेली. मूठ मिटली.

आता ते "मिला" म्हणून ओरडतील, याची ती वाट पाहत राहिली. बाबा सावकाश उठले.

"मेरे पास है, हवालदार साहब."

छावणीत आल्यापासूनचं त्यांचं पहिलं वाक्य.

"आपके पास?" हवालदारांनी पुंगळी उचलून उलटसुलट पाहिली. "बाबूजी, पढ़े-लिखे आदमी हैं आप! एक घंटे से बच्चियाँ धूल छान रही हैं. बोले क्यों नहीं?"

बाबांनी पँटच्या गुडघ्यांवरची धूळ झटकली.

"हाय, तेरे पापा भी ना!" शाहीन नीलाच्या कानाशी फिस्सकन हसली. "दबा के बैठे थे!" ते हसू रांगभर पसरलं.

"चलिए, लाइन में आइए आप भी," हवालदार म्हणाले. "गिनती नई हुई, तो सब फिर से बोलेंगे."

बाबा रांगेच्या टोकाला उभे राहिले. हात सरळ वर.

"मेरे पास कोई जिंदा काडतूस..."

"काडतूस!" कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा खसखस पिकली. बाबांनी वाक्य शेवटपर्यंत, श्रीमानसकट, पुरं केलं.

नीलाची पाळी आली. आता त्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. तिने हात वर केला आणि पुन्हा खाली घेतला.

"अरे, क्या हुआ? तुम्हीं तो सबसे साफ़ बोली थीं."

रांगेच्या टोकाला बाबांची मान किंचित हलली. नको.

नीला एक पाऊल पुढे आली. खाली वाकून तिने उजवा मोजा बुटापर्यंत गुंडाळला. घोट्यावर एक लहानसा लालसर ठसा उठला होता, पुंगळीच्या तोंडाएवढा, अगदी गोल.

मुलींचं हसणं एकेक करून थांबत गेलं.