सुनेचं तण

"मुळापासनं जाळायचं! नाहीतर हे तण आपल्यालाच गिळंल," म्हातारा गरजला आणि त्यानं खिशातून काडेपेटी काढली.

समोर सुनेचा चवळीचा वाफा. शेंगा भरत आलेल्या. आई गेली त्या साली माहेरून पदरात बांधून आणलेलं हे बियाणं. आईच्या हातचं तेवढंच काय ते उरलं होतं. पण वाफ्यात तांबड्या देठाचं तण माजलं, मग गावभर पसरलं. म्हाताऱ्यानं चारचौघांत सांगून टाकलं, सुनेच्या बियाण्यातून आलंय. झालं! गाव त्याला 'सुनेचं तण'च म्हणायला लागलं. नवऱ्याच्या तोंडाला तर कुलूपच.

"मामंजी, पानवाल्या बाई आज येणार म्हणाल्यात. तेवढं थांबा."

बाई शेतीच्या संशोधनातल्या. तणाचं मूळ शोधायला त्यांनी शेताशेतातून पानं खुडून नेली होती.

"पानावरनं कूळ कळतं होय? मग माझंही सांगा म्हणावं!" म्हाताऱ्यानं काडी ओढली. वाऱ्यानं ती विझली. दुसरी काढली, तशी सून पदर खोचून वाफ्यात जाऊन उभी राहिली.

"लावा आता!"

"बाबा, नको," नवऱ्याला एकदाचा कंठ फुटला.

तेवढ्यात बांधावरून बाई धावतच आल्या. "अहो, थांबा! पानं तपासली मी. हिच्या एका पुरचुंडीतून आलं असतं, तर गावभर या तणाची एकच पोटजात दिसली असती. इथं कुठल्या शेतात एक, कुठं दुसरी. आणि तुमच्या खुराड्यामागं सगळ्याच एका जागी! म्हणजे तिथं हे एकदा नाही, वरचेवर येतंय. कोंबड्यांना दाणा कुठला घालता?"

"परदेशी. स्वस्त पडतो," नवरा पुटपुटला.

"तसल्या दाण्याच्या पोत्यांत दुसरीकडंही हेच बी सापडलंय."

खुराड्याचं खत म्हातारा गावभर फुकट वाटायचा, वर मिशीला पीळ द्यायचा. पहिली पाटी त्यानंच सुनेच्या वाफ्यात ओतायला लावली होती. घरच्यांना आधी, म्हणाला होता.

म्हाताऱ्यानं हळूच काडेपेटी खिशात सारली. सुनेनं हात पुढं केला. राग इतक्या दिवसांचा होता, पण आवाज चढला नाही.

"द्या इकडं, मामंजी. मुळापासनं जाळायचं, तुम्हीच म्हणालात."

म्हाताऱ्यानं काडेपेटी तिच्या हातावर ठेवली. मग मान खाली घालून तो खुराड्यातून कोंबड्या बाहेर काढायला गेला.