बाप-लेकाचा काढा

मुलाच्या लिव्हरचा तुकडा बापाला द्यायचा असं ठरलं आणि त्याच्या आईने, बोक-रेने, मुलाच्या खाण्यापिण्याचा ताबाच घेतला. सांग-ग्यू चांगला चौतिशीचा घोडा, सुवॉनला कारखान्यात नोकरीला. पण तिने त्याला रजा टाकायला लावली आणि जेचनला घरी आणून बसवला. सोजूची दारू बंद, तळलेलं बंद, जागरणं बंद. मित्रांचे फोनसुद्धा तीच घ्यायची आणि तो झोपलाय म्हणून ठेवून द्यायची. बापाच्या पोटात जायचा तुकडा कसा लख्ख हवा, असं तिचं म्हणणं.

नवऱ्याचा, म्हणजे दोक-सूचा, बाजारात तिळाच्या तेलाचा घाणा. काविळीचा विषाणू तरुणपणीच अंगात शिरला होता आणि वर्षानुवर्षं दबा धरून बसला होता. डॉक्टरांच्या रोजच्या गोळीवर माणसाचं बरं चाललं होतं. या उन्हाळ्यात मात्र तो एकाएकी खचला. डोळे पिवळे, पोटात पाणी, बोलता बोलता शब्दच हरवायचे. सोलच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मिनबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की दुसरं लिव्हर बसवलं नाही तर हे पुढचा वसंत बघायचे नाहीत.

खरं तर सगळ्यात आधी पुढे झाली होती मुलगी. मी-रान, सांग-ग्यूच्या पाठची, गावातल्याच पोस्टात कामाला. माझा आणि बाबांचा रक्तगट एकच आहे, एवढंच ती म्हणाली आणि बोक-रेने तिला तिथेच गप्प केलं. बिनलग्नाची पोर, पोटावर हा एवढा व्रण घेऊन कोणाच्या घरी नांदायला जाणार? आणि घरात मुलगा असताना मुलीपुढे हात पसरला तर बाजारात तोंड दाखवायला जागा राहील का? मी-रान पुढे काही बोलली नाही. तिला गप्प बसायची सवय होती आणि बोक-रेला तिच्या गप्प बसण्याची.

आता त्या काढ्याचं सांगते. बाजाराच्या टोकाला काढे उकळून पाकिटांत भरून देणारं एक दुकान आहे. मालकीण बोक-रेहून थोडी मोठी, म्हणून ही तिला ताई म्हणायची. वसंतात ताईने हिला एकीकडे घेतलं आणि सांगितलं, की खरा डोंगरातला बोंगसाम हाती लागलाय, लिव्हरवर यासारखं दुसरं काही नाही, माझ्या ओळखीची तीन माणसं मरणाच्या दारातून परत आलीत. बोंगसाम म्हणजे जिनसेंगसारखं दिसणारं एक मूळ. बोक-रेने ते खोकं भरून घेतलं आणि रोज सकाळी एक पाकीट गरम पाण्यात ठेवून नवऱ्याला पाजायला लागली. उन्हाळ्यात तो पिवळा पडला तेव्हा तिने दोन पाकिटं सुरू केली. आणि मुलाचं ठरल्यावर मुलालाही. कडू जहर होतं ते. सांग-ग्यू तोंड वाकडं करायचा, पण आई समोर उभी, पिणार नाही तर जाणार कुठे?

मी-रानने एकदा नाक मुरडून विचारलं होतं, हे काय आहे, डॉक्टरांना विचारलंयस का? तर बोक-रे तिच्यावर उखडली. तुला कोण देतंय, म्हणाली. एवढ्या महागाचं आहे, ज्यांना गरज आहे त्यांच्यापुरतंच आणलंय.

बरं, डॉक्टर विचारत नव्हत्या असंही नाही. दर खेपेला विचारायच्या, की आमच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध घेता का? दर खेपेला बोक-रे अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणायची. औषध वैद्य देतो, नाडी बघून देतो. हे तर दुकानातून आलेलं, डाळिंबाच्या रसाच्या पाकिटांशेजारी ठेवलेलं. जेवणानंतर बार्लीचा चहा पितो, तो काय कोणी डॉक्टरला जाऊन सांगतं? गावात अर्ध्या घरांत असंच आहे, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

ऑपरेशनसाठी सगळे सोलला गेले. दोक-सूला भरती केलं, सांग-ग्यूचं शेवटचं रक्त तपासायला घेतलं, आणि दुपारी डॉक्टर मिननी मायलेकरांना खोलीत बोलावलं. बोक-रेला वाटलं, वेळ सांगायला बोलावलं असेल.

"ऑपरेशन होणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या मुलाच्या लिव्हरला जबर सूज आहे. महिन्याभरापूर्वी ते उत्तम होतं. आज त्यातून कोणालाच काही देता येणार नाही. त्यालाच सांभाळावं लागेल."

बोक-रे वळली आणि डॉक्टरांच्या देखत मुलाच्या पाठीत धपाटे घालायला लागली. प्यायलास ना? चोरून प्यायलास ना मेल्या? बाप तिकडे मरायला टेकलाय आणि तू! सांग-ग्यू एवढा दांडगा माणूस, पण लहान पोरासारखा रडायला लागला. आईशपथ थेंब घेतला नाही, म्हणत राहिला. मी-रानने आईचे हात धरले.

डॉक्टरांनी सगळ्यांना बसवलं आणि या वेळी प्रश्न वेगळा विचारला. औषध राहू दे, म्हणाल्या, पोटात काय काय जातंय ते सांगा. सूप, रस, चहा, काहीही.

तेव्हा बोक-रेने पदर खोचल्यासारखा आव आणला. माझ्या हातून कसूर नाही हे एकदा दिसू दे या बाईला, असं तिला झालं होतं. तिने पिशवीत हात घातला आणि संध्याकाळसाठी आणलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. लिव्हर चांगलं व्हावं म्हणून बोंगसाम पाजतेय मी, ती म्हणाली, त्याला आणि त्याच्या बापाला, दोघांनाही.

डॉक्टर पाकिटाकडे बघतच राहिल्या. त्यांचा चेहरा उतरलेला बोक-रेला स्पष्ट दिसला.

"नवऱ्याला कधीपासून?"

"वसंतापासून. पिवळे झाल्यावर दुप्पट केलं."

डॉक्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. बोंगसाम म्हणून विकतात ते एका झुडपाचं मूळ आहे, त्यांनी सांगितलं, आणि ते पिऊन लिव्हर गेलेली माणसं या वॉर्डात येतच असतात. बोक-रेचा विश्वास बसेना. ताईने तीन माणसांची नावं सांगितली होती, ठणठणीत आहेत, असं ती पुन्हा पुन्हा सांगू लागली.

"जी बरी झाली ती तिच्या दुकानात जाऊन सांगतात," डॉक्टर म्हणाल्या. "जी झाली नाहीत ती इथे येतात. तिला ती दिसणार कुठून? तुमच्या यजमानांचं लिव्हर आजाराने किती गेलं आणि याने किती, ते मलाही सांगता येणार नाही. पण मावशी, तुमच्या मुलाला काहीच आजार नव्हता."

बोक-रेने टेबलावरचे हात मांडीत ओढून घेतले. माझ्या हाताने. रोज सकाळी, माझ्या हाताने. चोखून पी म्हणायचे मी, तळाशी राहिलेलंसुद्धा टाकू द्यायचे नाही. सांग-ग्यू टेबलावरच्या पाकिटाकडे असा बघत होता जणू ते आता हलेल.

मुलगा बरा होईल, पाकिटं थांबली की सूज उतरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण त्याला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ बापाजवळ नाही. मेलेल्या माणसाचं लिव्हर मिळायची रांग केवढी आहे हेही त्यांनी लपवलं नाही. घरात आणखी कोणी देण्यासारखं आहे का, त्यांनी विचारलं.

"मी आहे," मी-रान म्हणाली.

"तुम्हीही हे प्यायलात का? एखादं पाकीट, एखादा घोट? खरं सांगा."

"नाही. मला कधी दिलंच नाही."

तिने ते सरळ सांगितलं, कोणाला टोचायला नव्हे. डॉक्टरांनी विचारलं, तिने उत्तर दिलं. पण बोक-रेला ते काळजात रुतलं. घरात जे जे म्हणून चांगलं आलं ते तिने आयुष्यभर मुलाच्या ताटात वाढलं होतं. कोंबडीची तंगडी त्याची, पहिलं सफरचंद त्याचं, काढाही त्याचाच. पोरीला दिलं नाही म्हणून पोर वाचली होती. हे आपलं सुदैव म्हणायचं की आपल्या तोंडावर थुंकायचं, तिला कळेना.

दोन दिवस तपासण्या झाल्या. मी-रानचं लिव्हर निरोगी निघालं, मापातही बसलं. दोक-सूला अर्धवट शुद्धीत मुलीचं नाव कळलं तेव्हा त्याने नको नको म्हणून मान हलवली, पण त्याचं आता कोण ऐकणार? ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं.

त्या दुपारी बोक-रे सोलमध्येच राहणाऱ्या चुलतबहिणीच्या घरी गेली आणि चिलगोज्यांची पेज करून आणली. ही पेज तिने आजवर केली ती नवऱ्यासाठी, नाहीतर सांग-ग्यूच्या परीक्षांच्या दिवसांत. मुलीसाठी पहिल्यांदाच. डबा रुमालात बांधून, छातीशी धरून ती बसमधून आली, नाहीतर पेज निवली असती. मी-रान हॉस्पिटलच्या कपड्यांत खाटेवर बसली होती. संध्याकाळपर्यंत खायला परवानगी होती. बोक-रेने वाटीत पेज ओतली, चमचा ठेवला आणि वाटी तिच्या हातात दिली.

मी-रानने वाटी घेतली. चमचा उचलला. मग तो तसाच धरून तिने विचारलं,

"आई, यात काय काय घातलंयस?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बोक-रेला सोसलं असतं, ती भांडली तरी असती. पण पोर खरोखरच विचारत होती.

"तांदूळ, चिलगोजे, मीठ," बोक-रे म्हणाली. "एवढंच गं."

मी-रानने वाटीत बघितलं. मग वाटी हळूच बाजूच्या स्टुलावर ठेवली आणि म्हणाली, की आज मी इथलंच खाईन, रागावू नकोस.

बोक-रे रागावली नाही. तिने वाटी उचलली, पेज पुन्हा डब्यात ओतली आणि झाकण लावलं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "कोणी काही दिलं तर खाऊ नकोस. मी दिलं तर मुळीच नको."