दोन काठांचे रातकिडे

"सर, त्या रातकिड्यांच्या पेट्या आधी दोन होत्या का? एवढंच कळवा."

अकरा वर्षांपूर्वीच्या पत्रातलं हे वाक्य निवृत्त संग्रहपालांना तोंडपाठ होतं. उत्तरही ठाऊक होतं. होय, दोन होत्या. पण तेवढं लिहायला त्यांचा हात धजावला नव्हता.

पत्र लिहिणारी मुलगी तेव्हा रातकिड्यांवर संशोधन करत होती. खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून संग्रहालयात यायची आणि बोलायला लागली की थांबायची नाही.

"ओढा रुंद झाला, सर, आणि दोन काठांचे किडे दुरावले. बिचाऱ्यांना उडता येत नाही ना! पिढ्या गेल्या, गाणी बदलली. आता शेजारी आणून ठेवले तरी मादी पलीकडच्या नराकडे ढुंकून बघत नाही."

"दिसायला तर सारखेच आहेत," ते पुटपुटले.

"दिसण्यावर नाही हो, तिचा जीव आवाजावर जडतो! जोडीच जमत नाही म्हणजे जाती दोन झाल्या की."

ते नुसते हसले. आदल्याच उन्हाळ्यात कपाटं हलवताना, किडे सारखेच दिसतात म्हणून, त्यांनी दोन पेट्यांची एक केली होती. कसर लागलेल्या जुन्या चिठ्ठ्या काढून, किडे टोचलेल्या सगळ्या टाचण्यांना नव्या लावल्या होत्या. क्रमांक जुनेच, पण सगळ्यांवर एकच मजकूर, 'डावा काठ'. तेव्हाच सांगायला हवं होतं.

नराच्या आखूड पंखावर गाण्याचे बारीक दाते असतात. दोन काठांवर त्यांची संख्या वेगळी, हा मुलीचा पुरावा. तिच्या प्रबंधाच्या परीक्षकांनी संग्रहालयातली पेटी उघडली, भिंगातून दाते मोजले. दोन्ही संख्या 'डाव्या काठा'वरच सापडल्या. "म्हणजे जात एकच," परीक्षक म्हणाले. "संग्रहपालांची चिठ्ठी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." त्यानंतर तिचं पत्र आलं. मग ती संशोधन सोडून एका शाळेत शिकवायला लागल्याचं त्यांच्या कानावर आलं.

परवा कपाट झाडताना त्यांच्या थोरल्या बहिणीच्या हाती एक पाकीट लागलं. आत ते पत्र आणि कुरतडलेल्या जुन्या चिठ्ठ्या.

"हे काय रे जपून ठेवलंयस?"

त्यांनी सांगितलं. सांगताना चष्मा चारदा पुसला.

"म्हणजे पोरगी खरी होती आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"रोज वाटायचं, ताई, आज लिहू."

"घरभर पुस्तकं वाचलीस आणि चार ओळी लिहवेनात?"

"आता शाळेत रमली असेल ती. कशाला उगाच..."

"रमली की नाही ते तिचं ती बघेल. तू कोण ठरवणारा?"

त्यांनी दुपारभर बसून तीन पानं लिहिली. ताईंनी ती वाचून परत केली.

"यात कसर आहे, दमट हवा आहे, तुझे डोळे आहेत. तू कुठे आहेस?"

त्यांनी पानं फाडली आणि नवा कागद घेतला.

'होय, पेट्या दोन होत्या. मी त्या एक केल्या आणि उजव्या काठाच्या किड्यांनाही डाव्या काठाच्या चिठ्ठ्या लावल्या. तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. मूळ चिठ्ठ्या सोबत आहेत. त्यांवरचे क्रमांक टाचण्यांच्या क्रमांकांशी जुळतील. संग्रहालयाला आणि परीक्षकांनाही हेच कळवत आहे. तुमचं बरोबर होतं.'

क्षमा मागणारी ओळ त्यांनी दोनदा लिहिली, दोनदा खोडली. शेवटी कागद बदलून तिसऱ्यांदा लिहिली आणि राहू दिली.

दुसऱ्या दिवशी पोस्टाबाहेरची टपालपेटी मागे टाकून ते आत खिडकीशी गेले. पेटीत टाकलं असतं तर टाकलं की नाही, अशी शंका स्वतःलाच येत राहिली असती.

"आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव कुठंय?" कारकुनाने पाकीट उलटंसुलटं केलं.

"राहिलंच."

"राहिलं की ठेवलं?" तो हसत म्हणाला आणि पेन पुढे केलं.

त्यांनी नाव लिहिलं. खाली पूर्ण पत्ता. कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात भिरकावलं.

"झालं ना, आजोबा?" रांगेतल्या बाईंनी विचारलं.

"हो, हो," म्हणत ते बाजूला झाले. कारकुनाचं पेन त्यांच्या हातातच होतं.