पाऊण वाटी घेवडा

घेवड्याचा कोरडा दाणा साडेबारा मिलिमीटर लांब असतो. रात्रभर भिजला की एकोणीस. शिजल्यावर आणखी थोडा वाढतो, पण तेव्हा व्हर्नियर मापकाच्या जबड्यात धरला की चिरडतो, म्हणून तिथे मी मोजणं सोडून दिलं. लोक हसतील तर हसोत. बावीस वर्षं लेथवर उभा राहून मी लोखंड कापतोय. ज्या गोष्टीचं माप घेता येत नाही, तिच्यावर माझा विश्वास बसत नाही.

बायको गेली तेव्हा चुलीची जबाबदारी माझ्यावर आली. गेली म्हणजे कामाला गेली, उगाच भलतंसलतं मनात आणू नका. आमचा कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालायला लागला, तेव्हा तिने लांब कुठेतरी धरणाच्या कामावर आठ महिन्यांसाठी स्वयंपाकिणीचं काम धरलं. तिथे ती दोनशे माणसांना जेवू घालते. जाण्याआधी तिने फळीवर डबे भरून ठेवले. घेवडा, चवळी, हरभरे. आणि मला सांगितलं की रात्री भिजत घाल, सकाळी पाणी बदल, मऊ होईपर्यंत शिजव आणि कांदा-लसूण परतून त्यात घाल. स्वस्तात होतं, पोट भरतं, आणि यात बिघडवण्यासारखं काही नाही.

बिघडवण्यासारखं बरंच काही आहे, हे मी पहिल्याच आठवड्यात सिद्ध केलं. पहिल्या दिवशी लहान पातेल्यात काठोकाठ दाणे भिजत घातले. सकाळी झाकण जमिनीवर आणि घेवडा ओट्यावर पसरलेला. दुसऱ्या दिवशी घाई केली, दाणे दाताखाली कडकड वाजले. तिसऱ्या दिवशी टोमॅटो सुरुवातीलाच घातला. आंबट पाण्यात दाणा शिजत नाही हे मला कोण सांगणार? दोन तास गॅस जाळला तरी दाणे ढिम्म. शेवटी कारखान्यात करतो तेच केलं. कागद घेतला, कामाचा क्रम लिहिला आणि शेगडीच्या वर भिंतीला चिकटवला.

त्यावर लिहिलं होतं: घेवडा, पाऊण वाटी. पाणी, तीन वाट्या. भिजवणे, बारा तास. भिजवलेलं पाणी ओतून टाकणे. नव्या पाण्यात मोठ्या आचेवर दहा मिनिटं उकळणे, मग मंद आचेवर सव्वा तास. डावभर दाणे ठेचून परत आत, म्हणजे रस्सा दाट होतो. मीठ दोन ग्रॅम, टोमॅटो सगळ्यात शेवटी. त्यानंतर माझा एकही घाणा फसला नाही. रोजचा दाणा कालच्या दाण्यासारखा. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

फक्त माझी मुलगी ते खात नव्हती. ती नऊ वर्षांची. साखरेच्या डब्याभोवती सारखी सापडायची म्हणून लहानपणी तिचं नाव मुंगी पडलं ते पडलंच. मी तिच्यासमोर ताटली ठेवायचो आणि टेबलाशेजारी हाताची घडी घालून उभा राहायचो. ती अर्ध्याच्या अलीकडे थांबायची आणि म्हणायची, पोट भरलं. मी विचारायचो, कच्चं आहे का? नाही. तिखट आहे का? नाही. मग खा. पोट भरलं, बाबा. ती ताटली पुढे सरकवायची, माझ्याकडे बघायची आणि अभ्यासाला जायची. तिचं उरलेलं मी ओट्यापाशी उभ्याउभ्या संपवायचो. अन्न टाकलेलं मला खपत नाही.

तीन महिन्यांत तिचे फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागले. शाळेच्या बाईंची चिठ्ठी आली की मुलगी वर्गात पेंगते. मी चवळी करून पाहिली, हरभरे करून पाहिले, दाणे ठेचून पावावर फासून दिले. अर्धं खायची, अर्धं पुढे सरकवायची. डॉक्टरांनी तपासलं आणि काही नाही म्हणाले, नीट जेवायला घाला एवढंच. जणू मी तिला खिळे खायला घालत होतो.

आणि मग एका रविवारी माझी मेहुणी आली. बायकोची थोरली बहीण, तिला मी ताई म्हणतो आणि जरा घाबरतोही. तिने मुंगीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि तिचा हात तिथेच थांबला. मग मला स्वयंपाकघरात बोलावलं. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"भावोजी, पुढच्या रविवारी मी हिला घेऊन जाते. शाळा आमच्याजवळच आहे. हिची आई परत येईपर्यंत राहील माझ्याकडे."

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून काहीतरी बोललो. सव्वा तास, मंद आच, असलंच काहीतरी. तिने कागद वाचलाही नाही. म्हणाली, मुलं कागदावर वाढत नाहीत. रात्री बायकोचा फोन आला, ताईने तिला सांगितलं होतंच. ती म्हणाली की मुंगी खात नसेल तर जाऊ दे तिला, नाहीतर मी काम सोडून येते. तिने काम सोडलं असतं तर आम्ही तिघंही कशावर राहणार होतो? मी म्हटलं, आठ दिवस दे.

मुंगी गेली तर या दोन खोल्यांत मी काय करणार, हा विचार मी करत नव्हतो असं सांगायला आवडलं असतं. मी दिवसभर तोच करत होतो. लेथसमोर उभं राहून दोन शाफ्ट वाया घालवले, बावीस वर्षांत घातले नव्हते तेवढे. सकाळी तिची वेणी घालताना हात सावकाश चालायचे. ती म्हणायची, बाबा, उशीर होतोय. माझं या पोरीवाचून अडतं, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा इतकं स्पष्ट कळलं.

सोमवारी अर्धं. मंगळवारी अर्धं. बुधवारी मी कांदा जरा जास्त लाल केला, मिरी कुटून घातली, लसणाची एक पाकळी वाढवली. तेही अर्धं. गुरुवारी संध्याकाळी तिने पाचसहा घास खाल्ले, चमचा ठेवला, ताटली पुढे सरकवली. पोट भरलं. आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, नको तर नको. ताटली उचलली आणि सगळं केराच्या डब्यात ओतलं. ताटली डब्याच्या कडेवर आपटली तेव्हा माझाच मला राग आला, पण ओतलं होतं.

मुंगी डब्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा असा काही झाला की मी घाबरलो. ती माझ्या रागाला कधी रडत नाही, उलट उत्तर देते. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी खाली बसलो. काय झालं विचारलं. दोनदा विचारलं.

"आता तू काय खाणार?" ती म्हणाली.

मला काही कळेना. मी नंतर खाईन म्हटलं, नेहमीसारखं. ती म्हणाली, नंतर काहीच नसतं. तू माझंच खातोस, मी रोज बघते दारातून. मग तिने भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं.

"पाऊण वाटी लिहिलंय. आई अडीच वाट्या घालायची. पाऊण वाटी एका माणसाची असते, बाबा. म्हणून मी अर्धं ठेवते."

मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहिलो. पगार निम्म्यावर आला, बायकोचे पैसे काम संपल्यावरच हाती येणार होते, तेव्हा मी हिशेब केला होता की डबे आठ महिने पुरले पाहिजेत, तिचं पोट भरलं पाहिजे, आणि माझं काय, मला कुठे वाढायचंय. कुणाला बोललो नव्हतो. मी नंतर जेवतो, एवढं म्हटलं की झालं, असं समजत होतो. आणि तो हिशेब मी स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत, तिच्या डोळ्यांसमोर भिंतीला चिकटवला होता. ती रोज तो वाचायची आणि मला जगवण्यापुरतं ताटलीत ठेवायची. मी तेच खायचो, आणि पोरीला माझ्या हातचं आवडत नाही म्हणून झुरायचो. इतका मूर्ख माणूस आमच्या कारखान्यात दुसरा नसेल. मी तिला जवळ घेतलं आणि रडलो. लपवून वगैरे नाही, चांगला रडलो. तिने माझे डोळे फ्रॉकच्या टोकाने पुसले आणि विचारलं की आता जेवायचं काय. पाव होता, दोन अंडी होती. आम्ही अर्धं-अर्धं खाल्लं.

शुक्रवारी मला सुट्टी होती. आदल्या रात्री तिनेच वाटी भरून दोनदा घातली होती, घेवडा मोठ्या पातेल्यात निवांत फुगला होता. शाळेतून आल्यावर ती स्टुलावर उभी राहून ढवळू लागली. चमच्यात घेतलं, फुंकलं, चाखलं आणि माझ्याकडे बघितलं. "बाबा, हे अळणी आहे." मी म्हटलं, वाटीच्या हिशेबाने मीठ बरोबर घातलंय. ती म्हणाली की रोजच अळणी असतं, तू कधी चाखलंच नाहीस का? नव्हतं चाखलं. उभ्याने गिळणाऱ्याला चव कुठे कळते. तिने चिमटीने मीठ टाकलं, मला चमचा दिला. मी चाखलं. दाणा जिभेवर विरघळला आणि मागून लसूण आला. चांगलं होतं ते. फार चांगलं होतं.

दोन ताटल्या घेतल्या. तिची अट होती की मीही बसायचं आणि दोघांनी एकदमच घास घ्यायचा. शनिवारी उरलेलं परतून पावाबरोबर खाल्लं. तिने तिची ताटली पुसून खाल्ली, आणि माझ्या ताटलीवर पहाऱ्याला बसली.

रविवारी ताई आली ती हातात रिकामी पिशवी घेऊन, मुंगीचे कपडे भरायला. तीन दिवसांत कुणाच्या अंगावर मांस चढत नाही. मुंगी तेवढीच किडकिडीत होती. मी समजावून सांगायचं ठरवलं होतं, पण मी नुसत्या खुर्च्याच पुढे ओढत राहिलो. मुंगीने तिसरी ताटली मांडली. म्हणाली, मावशी, मी येणार नाही. ताईने तिला जवळ ओढलं आणि का गं म्हणून विचारलं.

"मी आले तर बाबाकडे कोण बघणार? तो जेवत नाही."

ताईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. आल्यापासून ती पोरीकडेच बघत होती, गेल्या रविवारीही. आता तिची नजर माझ्या गळ्याच्या हाडांवर गेली, आत ओढून बांधलेल्या पट्ट्यावर गेली, आणि ती खुर्चीवर टेकली. मग तिने पदराने डोळे टिपले, पिशवीची घडी करून बाजूला ठेवली, पातेलं स्वतःकडे ओढलं आणि डाव भरून माझ्या ताटलीत वाढला. दुसरा डाव भरला, तेव्हा मी ताटलीवर हात आडवा धरला आणि म्हटलं, पुरे ताई, पोट भरलं.

मुंगीने माझा हात उचलून बाजूला केला.

"वाढ मावशी," ती म्हणाली. "हे असंच म्हणायचं असतं, मला माहीत आहे."